हॉलमधील आवाजाचे ईक्यू: यंत्रावर सोपवावे की हाताने करावे?

मला लिहून पाठवलेला एक प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील एका फ्लॅटमध्ये १६ फूट बाय ११ फुटांचा हॉल आहे. त्यात एव्ही रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर), पुढचे दोन बुकशेल्फ स्पीकर, एक सेंटर, मागचे दोन आणि कोपऱ्यात सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) अशी मांडणी आहे, आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे. रिसीव्हरबरोबर आलेला माइक लावून स्वयंचलित कॅलिब्रेशन (यंत्राने स्वतः मोजून आवाज जुळवणे) केल्यावर सिनेमातील संवाद स्पष्ट झाले. पण शास्त्रीय गायन लावले की तानपुऱ्याची खर्जाची तार पूर्वीसारखीच घुमते आणि गायकाचा गळा मात्र पातळ, निर्जीव वाटतो. मित्राचे म्हणणे असे की, ते कॅलिब्रेशन बंद करावे आणि रिसीव्हरमधील ग्राफिक इक्वलायझर (ईक्यू, म्हणजे निरनिराळ्या वारंवारतांचा आवाज कमीजास्त करण्याची सोय) कानाने लावावा. या दोहोंपैकी योग्य काय?

गेली बावीस वर्षे मी घरांमध्ये ध्वनियंत्रणा बसवण्याचे आणि त्या लावून देण्याचे काम करतो, आणि हा प्रश्न मला जवळपास दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतेच. माझे उत्तर आधीच सांगतो, कारणे मागाहून देतो. अंतरे, पातळ्या आणि सुमारे २५० हर्ट्झखालचा खर्ज यांसाठी मोजमाप हवेच. ते यंत्राने करा किंवा स्वतः माइक लावून करा, पण नुसत्या कानाने करू नका. त्याच्या वर मात्र यंत्राला शक्यतो हात लावू देऊ नका. ही मर्यादा पाळली, तर स्वयंचलित की हाताने हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. ती पाळली नाही, तर दोन्ही मार्गांनी नुकसानच होते.

ही मर्यादा कुठून आली, ते या हॉलच्याच मापांवरून समजून घेता येते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची लहर अडकली, की त्या अंतराच्या दुप्पट लांबीची जी लहर असते तिला खोली स्वतःहून उचलून धरते, आणि तिच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतांनाही. ध्वनीचा वेग २५ अंश तापमानाला सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर, त्यावरून लांबीचा पहिला अनुनाद ३५ हर्ट्झच्या आसपास आणि दुसरा सुमारे ७१ हर्ट्झला येतो. ११ फुटांच्या रुंदीचा पहिला अनुनाद ५२ हर्ट्झजवळ येतो, आणि छत साडेनऊ फुटांवर असेल तर उंचीचा ६० हर्ट्झजवळ. आता गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गात असेल, तर त्याचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झचा असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे ६९.३ हर्ट्झला लागलेली असते. तुमच्या खोलीचा ७१ हर्ट्झचा अनुनाद तिच्या अगदी शेजारी आहे, आणि तुमचा सोफा ज्या भिंतीला टेकला आहे तिथे या लहरीचा दाब सर्वांत जास्त असतो. तानपुऱ्याच्या बाबतीत हे विशेष बोचते, कारण जवारीमुळे (घोडीवर तारेला मिळणाऱ्या झणकारामुळे) त्याच्या तारेची बरीचशी शक्ती मूळ नादात नसून वरच्या स्वरांशांत पसरलेली असते. खोलीने तो मूळ नाद आठ-दहा डेसिबलने फुगवला, की जवारी मागे पडते आणि तानपुरा गुणगुणत्या मोटारीसारखा ऐकू येऊ लागतो. तुमचे रेकॉर्डिंग, तुमचे स्पीकर आणि तुमचे कान, तिन्ही ठीक आहेत.

वारंवारता वाढत जाते तसे हे अनुनाद इतके दाटीवाटीने येतात की त्यांना वेगवेगळे ओळखणे निरर्थक ठरते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांनी या सीमेसाठी जे सूत्र दिले, ते सोपे आहे: खोलीचा अनुरणनकाळ (आवाज थांबल्यावर त्याची गुंज विरायला लागणारा वेळ) सेकंदांत घेऊन त्याला घनमीटरमधील आकारमानाने भागायचे, वर्गमूळ काढायचे आणि २००० ने गुणायचे. तुमच्या हॉलचे आकारमान सुमारे ४७ घनमीटर भरते. टाइल्सची फरशी, उघड्या भिंती आणि एक सोफा अशा हॉलमध्ये अनुरणनकाळ ०.७ सेकंद धरला, तर उत्तर २४४ हर्ट्झ येते. जाड पडदे आणि गालिचा आल्यावर तो ०.५ सेकंदावर आला, तर २०६. म्हणून मी २५० हा ठोकळ आकडा वापरतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण आपल्याकडचे बहुतेक लोक अमेरिकेतील लोकांचे सल्ले वाचून स्वतःची यंत्रणा लावतात. तिकडची अनेक घरे लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकून उभारलेली असतात. ते पत्रे खालच्या नादाबरोबर स्वतः हलतात, त्यातली काही शक्ती गिळतात आणि बरीचशी बाहेर जाऊ देतात. आपल्याकडे विटांच्या भिंती आणि आरसीसीचा स्लॅब असतो. अलीकडच्या टॉवरमध्ये तर अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात. खर्ज त्यातून फारसा बाहेर जात नाही. त्यामुळे आपल्या खोल्यांतील अनुनाद अधिक उंच, अधिक टोकदार आणि अधिक काळ रेंगाळणारे असतात. तिकडे ज्या घरात ईक्यू न लावताही चालून जाते, तेवढ्याच मापाच्या आपल्या हॉलमध्ये ते चालत नाही.

पण ईक्यूला हात लावण्याआधी सोफ्याला हात लावा. ७१ हर्ट्झच्या त्या लहरीचा दाब मागच्या भिंतीपाशी सर्वाधिक आणि भिंतीपासून ४ फुटांवर जवळपास शून्य असतो. सोफा इतका पुढे घेतला, की डोके भिंतीपासून २ फुटांवर आले, तर त्या एका लहरीची पातळी ३ डेसिबलने उतरते. ३ फुटांवर आले तर ८ डेसिबलने. एवढी घट तुम्हाला इक्वलायझरनेही करता येईल. पण सोफा सरकवल्याने ती फुकट मिळते आणि ॲम्प्लिफायरपासून सबवूफरपर्यंत कोणालाही त्याची झळ लागत नाही. १६ फुटांच्या हॉलमध्ये सोफा ३ फूट पुढे ओढणे घरातल्यांना मान्य होणार नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे, परंतु दीड-दोन फुटांवर बहुतेक ठिकाणी तडजोड होते. सबवूफरचेही तसेच आहे. कोपऱ्यात ठेवला की तो खोलीतील प्रत्येक अनुनादाला पूर्ण जोराने चेतवतो. पुढच्या भिंतीपासून ४ फुटांवर बाजूच्या भिंतीलगत ठेवला, तर नेमक्या या ७१ हर्ट्झच्या लहरीला तो फारसा हलवू शकत नाही.

आता स्वयंचलित कॅलिब्रेशनकडे वळू. रिसीव्हरचे नाव तुम्ही लिहिलेले नाही. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी असते, यामाहाचे वायपाओ असते, पायोनियरचे एमकॅक. काही महागड्या यंत्रांत स्वीडनमधील दिराक असते. प्रत्येकाची रीत निराळी असली, तरी तीन कामे सगळीच बऱ्यापैकी करतात: प्रत्येक स्पीकरचे अंतर काढणे, सर्वांची पातळी जुळवणे आणि खर्जातील उंचवटे कापणे. अंतराच्या बाबतीत एक गैरसमज नेहमी आढळतो. सबवूफर प्रत्यक्ष १० फुटांवर असताना यंत्र १५ फूट दाखवते, तेव्हा लोक टेप घेऊन ते ‘दुरुस्त’ करतात. ते करू नका. सबवूफरच्या आतील फिल्टर आणि प्रक्रियेमुळे आवाज काही मिलिसेकंद उशिरा निघतो, आणि एक मिलिसेकंद म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर. यंत्र तो उशीर मोजून अंतराच्या भाषेत सांगत असते. उलट स्पीकरचा आकार ठरवताना रिसीव्हर बऱ्याचदा पुढच्या स्पीकरना ‘लार्ज’ (म्हणजे खर्जही पेलणारे) ठरवतो; बुकशेल्फ स्पीकर असतील तर ते बदलून ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर (ज्या वारंवारतेखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा. फक्त यंत्राने याहून वरचा आकडा सुचवला असेल, तर तो खाली ओढू नका, कारण त्याखाली त्या स्पीकरला दुरुस्ती मिळालेली नसते.

गायकाचा गळा पातळ का झाला, याचे उत्तर बहुधा माइक कुठे ठेवला होता यात आहे. नव्वद टक्के घरांत मी पाहतो की माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवलेला असतो, किंवा कोणी हातात धरून बसलेले असते. कल्पना करा की माइक सोफ्याच्या रेक्झिनच्या पाठीपासून १० सेंटिमीटर पुढे आहे. स्पीकरकडून आलेली लहर माइकपाशी पोहोचते, मग १० सेंटिमीटर मागे जाऊन पाठीवर आपटते आणि १० सेंटिमीटर परत येते. या २० सेंटिमीटरच्या फरकाने साधारण ८६५ हर्ट्झला दोन लहरी उलट्या पडतात, आणि आलेखात तिथे खड्डा दिसतो. तो खड्डा स्पीकरचाही नसतो आणि खोलीचाही. तो माइक तिथे ठेवल्यामुळे तयार झालेला असतो. यंत्र मात्र त्याला खरा धरून तिथे आवाज वाढवते, आणि गाणे नाकातून आल्यासारखे होते. माइक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, बसल्यावर कान येतात त्या उंचीवर, टोक छताकडे करून उभा ठेवा. सोफ्याची पाठ उंच असेल तर त्या वेळेपुरता सोफा मागे सरकवा. पहिली जागा नेमकी मधल्या डोक्याची घ्या, कारण ऑडिसीसारख्या यंत्रणा अंतर आणि पातळी त्याच जागेवरून ठरवतात. पुढच्या सर्व जागा तिच्या भोवती ५०-६० सेंटिमीटरच्या आत घ्या. ऑडिसीची साधी आवृत्ती सहा आणि वरच्या आवृत्त्या आठ जागा मागतात, म्हणून लोक हॉलभर फिरतात, अगदी जेवणाच्या टेबलापर्यंत. मग यंत्र कोणाच्याच कानाला न बसणारी सरासरी काढते.

पंखा बंद करा, एसी बंद करा, शक्य असल्यास फ्रिजही तेवढा वेळ बंद ठेवा. छताचा पंखा खर्जात सतत आवाज ओततोच, शिवाय फिरत्या पात्यांवरून वरचे नाद परावर्तित होत असल्याने मोजमाप थरथरते. उन्हाळ्यात हे कष्टाचे असते, तरीही सगळी मिळून पंधरा-वीस मिनिटेच जातात. स्वयंपाकघरात मिक्सर किंवा कुकर चालू असताना केलेले कॅलिब्रेशन मी पूर्ण पुसून नव्याने करतो.

हे सगळे नीट केल्यावरही यंत्राची एक मर्यादा उरतेच, आणि माझ्या मते तीच या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. माइकला दिशा कळत नाही, आणि स्पीकरकडून थेट आलेला आवाज कोणता, भिंतीवरून परतलेला कोणता, हे तो ऐकणाऱ्यासारखे वेगळे करत नाही. माणसाचे कान आणि मेंदू मात्र हे काम सतत करत असतात. आधी पोहोचलेल्या आवाजावरून आपण त्याचा पोत आणि दिशा ठरवतो. मागाहून आलेले परावर्तन आपल्याला खोलीचा विस्तार म्हणून जाणवते. ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांनी आधी ओटावा येथील कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हर्मन कंपनीत, तिथे शॉन ऑलिव्ह यांच्यासह, वर्षानुवर्षे केलेल्या प्रयोगांतून हेच पुढे आले की, ज्याचा थेट आवाज सपाट आणि बाजूला पसरणारा आवाज गुळगुळीत असतो, तोच स्पीकर लोकांना डोळे झाकून ऐकवला तरी आवडतो. असा चांगला स्पीकर नेहमीच्या खोलीत ठेवून मोजला की आलेख वरच्या बाजूला हळूहळू उतरत जातो, आणि तेच नैसर्गिक असते. यंत्राने तो उतार ‘चूक’ समजून सपाट केला, तर थेट आवाजच चढा आणि कर्कश होतो. म्हणजे स्पीकर चांगला होता, त्याला यंत्राने बिघडवले. २५० हर्ट्झच्या वर ज्या बारीक खाचाखोचा आलेखात दिसतात, त्यांतील बहुतेक डोके चार बोटे हलवले की बदलतात. त्यांच्यावर फिल्टर लावणे म्हणजे पाण्यावरच्या तरंगांना इस्त्री करणे होय.

ऑडिसीत याशिवाय २ किलोहर्ट्झजवळ मुद्दाम ठेवलेली एक खळगी असते, जिला ते मध्यस्वरांची भरपाई म्हणतात. जुन्या पद्धतीच्या स्पीकरांत वूफर आणि ट्वीटर यांच्या सांध्यावर जो दोष असे, त्याला झाकण्यासाठी ती आहे. गायकाच्या गळ्याची स्पष्टता आणि जवारीची धार याच भागात असल्याने, गायन ऐकणाऱ्याने ती काढून टाकावी असे माझे स्पष्ट मत आहे. रिसीव्हरच्या मेन्यूतून ती काढता येत नाही. त्यासाठी कंपनीचे मल्टईक्यू एडिटर हे वेगळे, विकतचे ॲप लागते. त्याच ॲपमध्ये प्रत्येक स्पीकरजोडीसाठी दुरुस्ती कुठवर जावी याची मर्यादाही ठरवता येते. ती २५० ते ३०० हर्ट्झवर आणा, आणि गळ्याचा पातळपणा निम्म्याहून अधिक त्याच क्षणी जाईल. दिराकमध्येही अशी मर्यादा सरकवता येते. त्याची स्वस्त परवान्याची आवृत्ती मुळात ५०० हर्ट्झपर्यंतच काम करते, आणि चांगले स्पीकर असलेल्या घरात मला त्याहून महागड्या परवान्याची गरज क्वचितच भासली आहे.

आता मित्राच्या सल्ल्याबद्दल. कानाने लावण्याला माझा आक्षेप कमी आहे, त्या विशिष्ट हत्याराला अधिक आहे. डेनॉन-मरांट्झच्या अनेक रिसीव्हरमध्ये असलेला ग्राफिक इक्वलायझर नऊ पट्ट्यांचा असतो, ६३ हर्ट्झपासून सुरू होतो, ऑडिसी बंद केल्याशिवाय तो चालू होत नाही, आणि सबवूफरला तो लागूच होत नाही. ज्या ठिकाणी दुखते आहे तिथे तो पोहोचतच नाही. समजा पोहोचला असता, तरी एका सप्तकाला एक पट्टी म्हणजे ६३ ची पट्टी साधारण ४५ ते ९० हर्ट्झ एवढा पूर्ण प्रदेश ओढते. तुम्हाला ७१ भोवतीचे आठ-नऊ हर्ट्झ कापायचे आहेत, आणि त्यासाठी तुम्ही डग्ग्याचा अर्धा देह आणि पखवाजाची धूम दोन्ही खाली आणणार. मग आवाज रिकामा वाटतो म्हणून १२५ ची पट्टी वर, ती घुमते म्हणून २५० ची खाली, आणि शेवटी सगळ्या पट्ट्या मिळून हसऱ्या तोंडासारखा आकार तयार होतो. हाताने ईक्यू करणे म्हणजे हे नव्हे.

हाताने करायचे ते पॅरामेट्रिक ईक्यूने. त्यात नेमकी वारंवारता, किती डेसिबल आणि किती रुंदीचा पट्टा, हे तिन्ही आपण ठरवतो. रुंदीसाठी क्यू हा आकडा असतो, आणि तो जितका मोठा तितका काप अरुंद. मोजण्यासाठी जॉन मलकाही यांचे रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि मिनीडीएसपीचा यूमिक-१ हा यूएसबी माइक बहुतेक सर्वजण वापरतात. त्या माइकच्या क्रमांकानुसार त्याची स्वतःची कॅलिब्रेशन फाइल मिळते, आणि माइक छताकडे उभा धरायचा असेल तर नव्वद अंशांची फाइल घ्यायची, ही बारकाई विसरू नका. फोनच्या माइकवर खर्ज मोजू नका. प्रत्येक फोनचा माइक निराळा असतो, आणि सोनोसचे ट्रूप्ले (फोनच्या माइकने खोली मोजण्याची सोय) कित्येक वर्षे फक्त आयफोन-आयपॅडवर चालत असे त्याचेही कारण हेच होते की, त्या मोजक्या मॉडेलांचे माइक कंपनीला माहीत होते. २० ते ३०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा सूर) एकेका स्पीकरवर, कानाच्या जागी, ७५ डेसिबलच्या आसपास चालवा. आलेख गुळगुळीत करण्याची सोय खर्जासाठी बंद ठेवा, नाहीतर टोकदार उंचवटे दिसेनासे होतात. शेजारीच धबधबा नावाचा आलेख असतो. त्यात स्वीप थांबल्यानंतरही ७१ हर्ट्झची एक लांब शेपूट पुढे ओढत आलेली दिसेल. ती शेपूट म्हणजे तुमची घुमणारी तार.

तिथे ७१ हर्ट्झला उणे ८ डेसिबल, क्यू ८, असा एक फिल्टर लावा आणि पुन्हा मोजा. आकडे तुमच्या आलेखावरून घ्यायचे. हे केवळ साधारण कुठे पोहोचाल याची कल्पना यावी म्हणून दिले आहेत. वारंवारता एक हर्ट्झ इकडेतिकडे आणि क्यू थोडा कमीजास्त करत, उंचवटा बसेपर्यंत तीन-चार वेळा हे करावे लागते. फिल्टर अचूक बसला, की पातळीबरोबर ती शेपूटही आखडते. खर्जातील अशा उंचवट्यांचा हा गुण ईक्यूला उपयोगी पडतो, आणि वरच्या भागात तो मिळत नाही. असे तीन, फार तर पाच फिल्टर पुरतात. मी दहा फिल्टर लावलेला खर्ज ऐकला की त्यातले निम्मे काढून टाकतो, आणि घरच्यांना बहुधा तो काढल्यावरचा अधिक आवडतो. हे फिल्टर ठेवायचे कुठे, याचा निर्णय तुमच्या यंत्रणेवर आहे. यामाहाच्या अनेक रिसीव्हरमध्ये वायपाओने काढलेले फिल्टर हाताने बदलण्याच्या यादीत उतरवून घेता येतात. ज्यांत ती सोय नाही तिथे रिसीव्हर आणि सबवूफर यांच्यामध्ये मिनीडीएसपीचा छोटा डबा बसवतात. संगणकावरून ऐकणाऱ्यांना इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. डबा बसवलात, तर आधी त्यात हाताचे फिल्टर भरा आणि त्यानंतरच रिसीव्हरचे कॅलिब्रेशन चालवा. मोठे काम आधीच झालेले असले की यंत्र उरलेले काम हळुवारपणे करते.

खड्ड्यांबद्दल मात्र मी फार सावध झालो आहे, आणि त्याला कारण आहे. या कामातील माझ्या दुसऱ्या वर्षी कोल्हापूरच्या एका घरात ८५ हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा होता. मी तो ९ डेसिबलने भरला. मोजमापात तो जेमतेम हलला, म्हणून अजून थोडा भरला. तिसऱ्या आठवड्यात त्या गृहस्थांचा फोन आला: डाव्या स्पीकरमधून खरखर येत होती. वूफर बाहेर काढला तेव्हा कॉइलवरचे लाखेचे आवरण काळे पडून सुटलेले होते, आणि तो वास अजून माझ्या लक्षात आहे. ९ डेसिबल म्हणजे आठपट शक्ती, आणि ती सगळी एका अशा जागी जात होती जिथे स्पीकरची थेट लहर आणि त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतलेली लहर एकमेकींना खोडत होत्या. स्पीकरचा आवाज वाढवला की परतणारी लहरही तितकीच वाढते आणि खोडणे तसेच राहते. स्पीकरचा पुढचा भाग त्या भिंतीपासून एक मीटरवर असेल, तर हा खड्डा सुमारे ८६ हर्ट्झला पडतो. त्यावरचा उपाय स्पीकर सरकवणे हाच होता. नवा वूफर मी माझ्या पदरचे पैसे घालून बसवून दिला. तेव्हापासून २५० हर्ट्झखाली मी केवळ कापतो. भरायचेच झाले तर रुंद पट्ट्यात ३ डेसिबलच्या आत.

खड्डा नेमका ८० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरवरच दिसत असेल, तर तो खोलीचा नसून सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांचा ताळ जुळत नसल्याचा असतो. तिथे कोणताही ईक्यू कामाचा नाही. सबवूफरच्या मागचा फेज स्विच (लहर उलटी करणारी कळ) फिरवून पाहा, आणि मग रिसीव्हरमध्ये सबवूफरचे अंतर ३० सेंटिमीटरच्या टप्प्याने बदलत, दर वेळी दोन्ही एकत्र मोजत जा. ज्या आकड्याला ८० हर्ट्झ सर्वांत वर येतो तो ठेवा. आधी मी यंत्राचे अंतर बदलू नका असे म्हटले, ते टेपने बदलू नका या अर्थाने. मोजून बदलायला हरकत नाही. हे काम आजही मला यंत्रापेक्षा हाताने अधिक चांगले जमते.

कानाची पाळी यानंतर येते, आणि ती हक्काची आहे. खर्जाची एकूण पातळी किती असावी, हे कोणतेही यंत्र तुमच्या वतीने ठरवू शकत नाही. सपाट केलेला खर्ज बहुतेकांना कमी वाटतो. १०० हर्ट्झच्या खाली ४ ते ६ डेसिबलची सावकाश चढण आणि तिथून वर हळूहळू उतरता आलेख, इथून सुरुवात करा आणि आवडीप्रमाणे एकेक डेसिबल कमीजास्त करा. रात्री कमी आवाजात ऐकताना खर्ज हरवतो, कारण कानच त्या पातळीला खर्जासाठी मंद असतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. ऑडिसीचा डायनॅमिक ईक्यू याचीच भरपाई करतो, पण तो सिनेमाच्या पातळीचा हिशेब धरून चालतो. गाणे ऐकताना त्याची संदर्भ पातळी १० किंवा १५ वर ठेवा, नाहीतर तो खर्ज आणि मागचे स्पीकर दोन्ही फार चढवतो.

तुलना करताना ईक्यू चालू आणि बंद या दोहोंची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवून घ्या. मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, आणि निर्णय तिथेच चुकतो. परीक्षेसाठी माझ्याकडे दोनच गोष्टी असतात. पहिली, सुरुवातीचा मोकळा तानपुरा: खर्जाची तार छेडल्यावर तिचा नाद बाकीच्या तारांबरोबर विरतो की मागे एकटाच उरतो, आणि जवारीची झिळमिळ शेवटपर्यंत ऐकू येते की नाही. दुसरी, संथ लयीतील तबला: डग्ग्यावर मनगट सरकवून मींड घेतली जाते तेव्हा नाद खालून वर वाहत जातो; वाटेत एखादी जागा अचानक फुगली किंवा गायब झाली, तर त्या जागी खोली अजून बोलते आहे. कुठल्याही स्वीपइतकीच ही मींड मला खरी वाटते, आणि तबला वाजवणाऱ्या कोणालाही ती खोट चटकन ऐकू येते. मात्र पहिल्या दिवशी निकाल देऊ नका. कित्येक महिने घुमणारा खर्ज ऐकलेल्या कानाला नीट केलेला खर्ज उणा वाटतो. आठ दिवस तसाच ठेवा आणि मग ईक्यू बंद करून पाहा.

तुमच्या घरापुरते सांगायचे तर या रविवारी सोफा दोन फूट पुढे घ्या, सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढा, माइक ट्रायपॉडवर लावून कॅलिब्रेशन नव्याने चालवा, आणि रिसीव्हरमध्ये सोय असेल तर दुरुस्तीची मर्यादा २५० हर्ट्झवर आणा. सोय नसेल, तर ऑडिसीत ‘एल-आर बायपास’ हा पर्याय निवडा. त्यात पुढचे दोन स्पीकर जसेच्या तसे राहतात आणि सबवूफरची दुरुस्ती मात्र चालू राहते. तेवढ्याने तानपुरा स्थिरावला तर यूमिक विकत घेण्याची गरज नाही. तार तरीही घुमत राहिली, तर माइक मागवा, ७१ हर्ट्झचा तो एक फिल्टर लावा, आणि आलेख मला पाठवा; पुढचा फिल्टर कुठे घालायचा, किंवा घालायचाच नाही, हे त्यावरून सांगता येईल. सोफा बदलला, गालिचा अंथरला किंवा टीव्ही दुसऱ्या भिंतीवर गेला, तर मोजणी पुन्हा करावी लागेल.